गणवेशाचा हिशेब : कल्याणी सेन आणि नंतरच्या

सेकंड ऑफिसर कल्याणी सेन या ब्रिटनच्या अधिकृत दौऱ्यावर गेलेल्या पहिल्या भारतीय सैनिक महिला. ३ जून १९४५ रोजी स्कॉटलंडमधील रोसाइथच्या नौदल तळावर त्यांचे छायाचित्र काढले गेले. शेजारी चीफ ऑफिसर मार्गारेट कूपर, त्यांच्या दलाच्या उपसंचालिका. युरोपातले युद्ध संपून महिनाही झाला नव्हता आणि जपानशी चालूच होते. ब्रिटिश नौदलाच्या महिला दलात शिक्षण आणि कारभार कसा चालतो, हे पाहायला या दोघी दोन महिन्यांसाठी आल्या होत्या. सेकंड ऑफिसर हा हुद्दा नौदलातल्या लेफ्टनंटच्या बरोबरीचा. भारतात मुलींनी पुरुषांबरोबर काम करण्याला अजून मोठा विरोध आहे, पण सेनादलांत शिरायला मुलीच इतक्या उत्सुक आहेत की हा विरोध त्याच मोडून काढत आहेत, अशा आशयाचे सेन यांचे म्हणणे त्या वेळी नोंदले गेले. सार्वजनिक स्मरणात त्या उरल्या त्या एवढ्या दौऱ्यापुरत्या.

त्यांचे दल युद्धाच्या निकडीतून उभे राहिले. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून गेले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोलंबो, विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे जपानी बाँब पडले. कचेऱ्यांत आणि संदेशकक्षांत बसलेले पुरुष आघाडीवर धाडायचे तर त्यांच्या खुर्च्यांवर कोणीतरी बसायला हवे होते. त्याच एप्रिलमध्ये ‘विमेन्स ऑक्झिलिअरी कोअर (इंडिया)’ स्थापन झाली. युद्ध संपेपर्यंत तिच्यात सुमारे ११ हजार स्त्रिया आल्या. अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती मुलींचा भरणा मोठा होता, पण शहरी, शिकलेल्या हिंदू-मुसलमान घरांतल्या मुलीही होत्या. तिच्या नौदल शाखेला १९४४ मध्ये ‘विमेन्स रॉयल इंडियन नेव्हल सर्व्हिस’ असे स्वतंत्र नाव मिळाले. या बायकांना बोलीत ‘रिन्स’ म्हणत. सांकेतिक संदेश लिहिणे आणि उलगडणे, टेलिप्रिंटर, नोंदवह्या, तोफखान्याच्या शिक्षणवर्गातली यंत्रे, ही त्यांची कामे. जहाजावर त्यांना नेमत नसत.

अशा स्त्रीची आठवण ठेवायची तर ती कशासाठी आणि कशाच्या शेजारी ठेवून, याबद्दल दोन मते आहेत. दोन्ही ठाम आहेत. ती इथे शिरपुरातल्या दोघांच्या तोंडी घातली आहेत. दोघेही लेखापुरती उभी केलेली पात्रे. एक, इतिहास शिकवून निवृत्त झालेले सर. दुसरी, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता महाविद्यालयात शिकवणारी आणि सकाळी मैदानावर भरतीच्या मुलींची तयारी करून घेणारी ताई. समुद्र शिरपूरपासून लांब. गावाला पाणी माहीत आहे ते तापीचे, अरुणावतीचे आणि नाल्यांवर बांधलेल्या बंधाऱ्यांचे. पण भरतीची जाहिरात आली की नौदलाचा अर्जही इथून जातो.

सर : बाई हुशार असेल, धीट असेल, त्याबद्दल वाद नाही. पण १९४४ साल म्हटलं की शिरपूरच्या माणसानं काय आठवावं? तापी ओलांडली की शिंदखेडा तालुका. तिथं चिमठाण्याजवळ १४ एप्रिल १९४४ ला सरकारी खजिना लुटला. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. लाड, नागनाथअण्णा नायकवडी आले, आपल्या खानदेशातली माणसं बरोबर होती. साडेपाच लाखांचा खजिना होता, बेटा, त्या काळचे साडेपाच लाख! त्याच्या दोन वर्षं आधी नंदुरबारला शिरीषकुमार गोळी खाऊन पडला, सोळा पुरी नव्हती त्याला. अमळनेरकडच्या लीलाताई पाटील भूमिगत चळवळीत होत्या, तुरुंगात गेल्या. ज्या सरकारविरुद्ध हे सगळं चाललं होतं, त्याच सरकारच्या आरमारात ही बाई अधिकारी. आणि स्मरण तिचं करायचं?

ताई : सर, माणगावला यशवंत घाडगे यांचं स्मारक आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक, इटलीत १० जुलै १९४४ ला पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे चिमठाण्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते. त्यांच्या अंगावर कोणाचा गणवेश होता? तरी त्यांना कोणी राजाचा चाकर म्हणत नाही. आपण म्हणतो, मराठा गडी लढला. मग बाईच्याच वेळी गणवेश कोणाचा, हे आधी का विचारायचं?

सर : घाडग्यांनी एकट्यानं मशीनगनचं ठाणं घेतलं, जीव दिला. शौर्य कोणाच्याही झेंड्याखाली असलं तरी ते शौर्यच. टेलिप्रिंटरला शौर्य म्हणशील का तू?

ताई : नाही म्हणणार. पण नौदलाचा इतिहास नुसत्या शौर्याचा नसतो. बंदरात बसलेल्या माणसानं संदेश बरोबर उलगडला नाही तर बोट चुकीच्या जागी जाते. ते काम पुरुष करत होता तोवर ते युद्धकार्य होतं. बाईनं केलं की कारकुनी झाली?

इथे सरांचा मुद्दा तोकडा पडतो. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सेनादलांत वीस लाखांहून अधिक माणसे स्वेच्छेने भरती झाली. त्यांतली बहुतेक पोटासाठी गेली, काही घराण्याच्या रिवाजाने, काही फॅसिझमविरुद्ध लढावे म्हणून. हेतूंची ही सरमिसळ पुरुषांच्या बाबतीत इतिहासकार सहज मान्य करतात. स्त्रीसमोर मात्र दोनच खाने ठेवले जातात, वीरांगना नाही तर सरकारची बाहुली. पण सरांच्या मुद्द्याला दुसरे एक टोक आहे, आणि ते बोथट नाही.

सर : बरं, तुझ्याच वाटेनं जाऊ. त्याच काळात गणवेश घातलेली दुसरी बाई होती, कॅप्टन लक्ष्मी. डॉक्टर होती, सिंगापूरला दवाखाना चालवत होती. १९४३ साली सुभाषबाबूंनी झाशीची राणी रेजिमेंट काढली, तिची धुरा हिच्याकडे आली. म्हणजे स्त्रीला गणवेशच हवा होता तर दुसरा गणवेश उपलब्ध होता. निवड करता येत होती.

ताई : सिंगापूरच्या बाईला करता येत होती. मुंबईच्या किंवा लाहोरच्या मुलीला कुठली? आणि राणी रेजिमेंटमध्ये आल्या त्या बऱ्याचशा मलायाच्या रबरमळ्यांवरच्या तमिळ मजुरांच्या मुली. त्यांतल्या किती जणींची नावं आपल्याला ठाऊक आहेत? एकट्या लक्ष्मीबाईंचं. १९९८ ला पद्मविभूषण, २००२ ला राष्ट्रपतिपदाची उमेदवारी, म्हणून. बाकीच्या रिन्सइतक्याच विसरल्या गेल्या. त्यात बाजूचा प्रश्न येतो कुठं?

सर : येतो. सैनिकानं कोणावर बंदूक रोखली, हा पहिला प्रश्न. त्या रेजिमेंटमधल्या मुलींनी इंग्रजांवर रोखली.

या वादाची कसोटी लागते ती मुंबईत, फेब्रुवारी १९४६ मध्ये. कुलाब्याला ‘तलवार’ हे नौदलाचे संदेशवहनाचे शिक्षणकेंद्र होते. जमिनीवरच असले तरी नाव जहाजाचे, हा नौदलाचा रिवाज. आधीच्या डिसेंबरात नौदल दिनाच्या सुमारास तिथल्या भिंतींवर ‘चले जाव’ आणि ‘जय हिंद’ रंगवलेले सापडले होते. त्यामागे बलाईचंद्र दत्त या खलाशाचा हात होता. असंतोषाची मुळे खोल होती. भरतीच्या वेळी दिलेली आश्वासने पाळली नव्हती, गोऱ्या आणि काळ्या खलाशांच्या पगारात फरक होता, खाणे निकृष्ट होते, युद्ध संपल्याने नोकरी जाणार होती आणि आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटल्यांनी देश तापलेला होता. ८ फेब्रुवारीला तलवारच्या आवारातून जाणाऱ्या काही रिन्सकडे पाहून खलाशांनी टवाळी केल्याची तक्रार आली. प्रमुख अधिकारी कमांडर किंग बराकीत शिरला आणि त्याने खलाशांना कुलीची, कुत्रीची अवलाद अशा शिव्या दिल्या. खलाशांनी त्याच्याविरुद्ध लेखी तक्रारी केल्या, त्या थंडपणे बाजूला ठेवल्या गेल्या. १८ फेब्रुवारीच्या सकाळी तलवारच्या खलाशांनी न्याहारी नाकारली आणि काम बंद केले. दोन-तीन दिवसांत ते लोण ७८ जहाजे, २० किनारी केंद्रे आणि सुमारे २० हजार खलाशी यांच्यापर्यंत पोचले.

सर : बघ, हे तूच काढलंस. एका बाजूला खलाशी, स्वातंत्र्याच्या उंबऱ्यावर उभे. दुसऱ्या बाजूला रिन्स, ज्यांच्या नावानं किंगनं शिव्या दिल्या.

ताई : त्यांच्या नावानं दिल्या, त्यांनी दिल्या नाहीत. खलाशांची टवाळी चूक होती, हे म्हणायला काय हरकत आहे? आणि किंगला त्या बायकांच्या अब्रूची चाड होती, असंही नाही. ‘काळ्या’ पोरांना जागा दाखवायची होती, निमित्त मिळालं. उठावाच्या सगळ्या गोष्टीत रिन्स येतात त्या एवढ्याच, आवारातून चाललेल्या बायका. त्यांच्या मनात त्या दिवशी काय होतं, हे कोणी विचारायला गेलं नाही. ना इंग्रजांच्या चौकशी आयोगानं, ना आपल्या इतिहासलेखकांनी.

सर : उठावात बाई पाहायची तर परळला पाहा. २२ फेब्रुवारीला खलाशांना पाठिंबा म्हणून गिरणगाव बंद झाला. परळला लष्करानं गोळीबार केला. कमल दोंदे तिथं ठार झाल्या, कुसुम रणदिवे यांच्या पायात गोळी लागली, अहिल्या रांगणेकर बरोबर होत्या. त्या दोन-तीन दिवसांत मुंबईत दोनशेहून जास्त माणसं मेली. त्या उठावात रक्त सांडलेली मराठी बाई कोण, विचारलं तर मी कमल दोंदे म्हणेन. कल्याणी सेन नाही म्हणणार.

ताई : म्हणा की. पण वर्गात कधी सांगितलंत? मी तुमच्याकडे तीन वर्षं इतिहास शिकले. शिरीषकुमार ऐकला, चिमठाणं ऐकलं, कमल दोंदे पहिल्यांदा आज ऐकते आहे.

सरांचे यावर उत्तर पाठ्यपुस्तकाकडे बोट दाखवणारे आहे. ते खरे असले तरी पुरेसे नाही. उठावाची गोष्ट सांगताना नेत्यांचा पेच सांगितला जातो, वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्याने २३ फेब्रुवारीला खलाशांनी शरणागती पत्करली हे सांगितले जाते. परळचा गोळीबार एका वाक्यात उरकतो आणि त्या वाक्यात नाव नसते. मेलेली बाई आणि टेलिप्रिंटरवरची बाई, दोघी एकाच ओळीच्या फटीतून निसटतात.

पुढे जे घडले त्याने तर दोन्ही पक्षांची गणिते चुकवली. उठावानंतर शेकडो खलाशांना बडतर्फ करून घरी पाठवले गेले. स्वतंत्र भारताच्या नौदलाने त्यांना परत घेतले नाही, पाकिस्ताननेही नाही. आज्ञाभंग करणारा खलाशी नव्या राज्यालाही नकोच होता. स्वातंत्र्यसैनिक म्हणून त्यांना मान्यता आणि मानधन मिळायला १९७० चे दशक उजाडले. रिन्सचे दलही युद्धानंतर गुंडाळले गेले. म्हणजे १९४७ च्या नौदलाने बंड करणारालाही दाराबाहेर ठेवले आणि इमानाने चाकरी केलेल्या बाईलाही. चांगली कोण आणि वाईट कोण, हा सर आणि ताईंमधला वाद त्या दारापाशी फुकट जातो.

सर : हे मात्र मी या बाजूनं पाहिलं नव्हतं. खलाशांचं माहीत होतं, बायकांचं दल बंद झालं ते युद्ध संपलं म्हणून, असं धरून चाललो होतो.

ताई : युद्ध संपलं म्हणून पुरुषांचं नौदल बंद झालं नाही, सर. कमी झालं. बायकांचं मात्र पुसलं.

पुसणे हा शब्द इथे जड वाटेल, पण कायदा पाहिला तर वावगा नाही. नौदल अधिनियम १९५७ चे कलम ९(२) सांगते की केंद्र सरकार अधिसूचना काढून ज्या शाखा ठरवील त्यांखेरीज कोणत्याही स्त्रीला नौदलात घेता येणार नाही. म्हणजे मनाई हा नियम आणि प्रवेश हा अपवाद. तशी अधिसूचना पुढची ३४ वर्षे निघाली नाही. मधल्या काळात नौदलाचा गणवेश बाईच्या अंगावर दिसला तो रुग्णालयात. सर्जन कमांडर बार्बरा घोष १९७६ मध्ये त्या हुद्द्यावर पोचल्या. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून १९६८ मध्ये लष्करात आलेल्या पुनिता अरोरा २००४ मध्ये त्याच महाविद्यालयाच्या प्रमुख झाल्या, आणि २००५ मध्ये नौदलात जाऊन सर्जन व्हाइस ॲडमिरल झाल्या. डॉक्टर बाई समाजाला चालते, सैनिक बाई चालत नाही, ही जुनी वाटणी सरकारी कागदावरही तशीच उतरली होती.

९ ऑक्टोबर १९९१ ला अधिसूचना निघाली. पुरवठा, कायदा आणि शिक्षण या तीन शाखांत स्त्रियांना अधिकारी म्हणून घ्यायचे ठरले. १९९२ मध्ये पहिली तुकडी आली. १९९८ मध्ये आणखी शाखा खुल्या झाल्या. पण नेमणूक ‘शॉर्ट सर्व्हिस’ची, म्हणजे ठराविक मुदतीची, वाढत वाढत जास्तीत जास्त १४ वर्षांची. कायमची सनद पुरुषाला मिळे, बाईला नाही. आणि अधिकाऱ्याला निवृत्तिवेतन लागू व्हायला २० वर्षांची सेवा लागते.

ताई : म्हणजे हिशेब करा. बाविसाव्या वर्षी लागली, छत्तिसाव्या वर्षी बाहेर. ग्रॅच्युइटी घ्या, माजी सैनिक म्हणवून घ्या, पेन्शन नाही. नवी नोकरी शोधा, पोरं शाळेत, नवरा बदलीवर. कल्याणी सेनना युद्ध संपल्यावर घरी धाडलं, हिला मुदत संपल्यावर. फरक काय झाला?

सर : फरक झाला. हिला कोर्टात जाता आलं.

सरांचे बोलणे नेमके आहे. लेफ्टनंट कमांडर ॲनी नागराज आणि त्यांच्या सहकारी अधिकारी कायमच्या सनदेसाठी न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २००८ मध्ये सरकारने सनदेचे धोरण काढले खरे, पण ते पुढे भरती होणाऱ्यांसाठी आणि मोजक्याच शाखांपुरते. आधी लागलेल्या बायका बाहेरच राहिल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, सरकारने अपील केले. १७ मार्च २०२० ला न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि अजय रस्तोगी यांच्या पीठाने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दिला. सरकारचा एक युक्तिवाद असा होता की रशियन बनावटीच्या काही जहाजांवर बायकांसाठी वेगळी स्नानगृहे नाहीत, आणि समुद्रावरची नेमणूक बायकांना मानवणारी नाही. न्यायालयाने तो मानला नाही. कायमच्या सनदेचा विचार स्त्री-पुरुष एकाच निकषावर व्हावा, असे सांगितले. दाद मागणाऱ्या ज्या अधिकारी तोवर सेवेतून बाहेर पडल्या होत्या, त्यांना एकवेळची बाब म्हणून निवृत्तिवेतनाचा लाभ दिला.

या निकालात नौदलातल्या बायकांचे जे आयुष्य दिसते, ते गौरवग्रंथात दिसत नाही. हवाई वाहतूक नियंत्रणाच्या टॉवरवर रात्रपाळी करणाऱ्या, लष्करी खटल्यांत नौदलाची बाजू मांडणाऱ्या, खलाशांना शिकवणाऱ्या, जहाजाच्या पुरवठ्याचा मेळ बसवणाऱ्या बायका. वार्षिक अहवालात वरिष्ठांनी त्यांना काय शेरे दिले, मुदतवाढ कितीदा मिळाली, कोणत्या पत्राने नकार आला, हे सारे तारखांसह आले आहे. स्मरण कसे ठेवावे याचा नमुना हवा असेल तर तो या कागदांत आहे, कारण इथे एकेका बाईची सेवा आणि तिच्या काळचे धोरण एकाच पानावर समोरासमोर येते.

सर : मला तुमच्या पिढीची एक सवय पटत नाही. सारखं ‘पहिली महिला’. पहिली वैमानिक, पहिली निरीक्षक, पहिली अमुक. एकदा फोटो आला की संपलं. हाच तर कल्याणी सेनचा घोळ झाला ना?

ताई : हे पटलं. पण पहिलीच्या आधी काय असतं तेही बघा. प्रेरणा देवस्थळी, मुंबईची मुलगी. २०२३ च्या अखेरीला ‘आयएनएस त्रिंकट’ या युद्धनौकेची कमान तिच्याकडे आली, बाईकडे युद्धनौकेची कमान जाण्याची ही पहिलीच वेळ. पेपरात आलं तेवढं. पण ती २००९ ला लागली होती. आधी टीयू-१४२ या लांब पल्ल्याच्या टेहळणी विमानावर निरीक्षक, मग ‘आयएनएस चेन्नई’वर फर्स्ट लेफ्टनंट. चौदा वर्षं गेली मधे. तेवढी वर्षं, म्हणजे जुन्या नियमानं घरी बसायची मुदत.

या उत्तरात एक सूक्ष्म गोष्ट आहे. १४ वर्षांच्या मुदतीत बाईने कमानीपर्यंत पोचणे अवघड होते. योग्यता कमी म्हणून पहिली स्त्री कमांडर उशिरा आली असे नव्हे. शिडीची वरची पायरीच काढून ठेवलेली होती.

‘तारिणी’चा प्रवासही असाच पाहायला हवा. गोव्यात दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली ही शिडाची नौका घेऊन वर्तिका जोशी आणि आणखी पाच महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ ला परतल्या. सुमारे २१,६०० सागरी मैल, २५४ दिवस, वाटेत केप हॉर्न. बातम्यांत सहा मुली होत्या. त्यांना शिडाचे धडे देणारे कॅप्टन दिलीप दोंदे फारसे नव्हते. याच दांडेकरांनी बांधलेल्या ‘म्हादेई’वरून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. म्हणजे मुलींच्या धाडसामागे एक पूर्ण परंपरा उभी होती. ती दाखवल्याने मुलींचे काही उणे होत नाही, उलट धाडस शिकता येते हे कळते.

दुसऱ्या बाजूला लेफ्टनंट किरण शेखावत आहेत. २४ मार्च २०१५ च्या रात्री नौदलाचे डॉर्नियर विमान गोव्याच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. विमानातल्या तिघांपैकी एकाला मच्छीमार नौकेने वाचवले, दोघे गेले. किरण निरीक्षक होत्या. कामगिरीवर मरण पावलेल्या नौदलाच्या त्या पहिल्या महिला अधिकारी. रोजच्या सरावाच्या उड्डाणात त्या गेल्या. सरांच्या व्याख्येत हे शौर्य बसेल का, याचे उत्तर सर चटकन देत नाहीत.

सर : बसेल. पण मग माझी व्याख्या मला सैल करावी लागेल, हेही कबूल.

ताई : सैल नका करू. फक्त आत कोण येतं ते एकदा मोजा.

शिरपूरच्या मैदानावर हा इतिहास आकड्यांच्या रूपात येतो. २०२२ मध्ये अग्निपथ योजनेखाली नौदलाने खलाशी पदावरही मुली घ्यायला सुरुवात केली. रिन्सनंतर अधिकारी नसलेल्या हुद्द्यांवर स्त्रिया प्रथमच आल्या. त्या वेळच्या जाहिरातीत मुलींसाठी १.६ किलोमीटर धावणे आठ मिनिटांत, १५ उठाबशा आणि गुडघे वाकवून १० सिटअप्स अशी चाचणी होती. पोलीस भरतीसाठी पळणाऱ्या मुलींना हे जड नाही, गणित आणि विज्ञानाचा पेपर जड जातो. ओडिशातील ‘आयएनएस चिल्का’ येथून २८ मार्च २०२३ ला बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत अडीच हजारांवर अग्निवीर होते, त्यांत अडीचशेहून अधिक मुली.

सर : आणि नोकरी किती वर्षांची?

ताई : चार.

सर : चार! मग तुझा सगळा युक्तिवाद तूच मोडलास की. अठराव्या वर्षी गेली, बाविसाव्या वर्षी परत शिरपूरला.

ताई : चौघांतला एक कायम होऊ शकतो. बाकीच्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, जाताना सेवानिधीची रक्कम. योजना आली तेव्हा व्याजासह ११.७१ लाख सांगितले होते. पण हे मुलांनाही तसंच लागू आहे. म्हणजे बाईला पुरुषाच्या बरोबरीनं बसवलं, फक्त दोघांच्याही खालची खुर्ची आखूड केली. मी मुलींना हे सगळं सांगते. तरी त्या जातात. चार वर्षांचा पगार, बहिणीचं शिक्षण, पुढं पोलिसात जायला एक दाखला. मी कोण अडवणारी?

अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलींचा रस्ता मात्र आता खरोखर रुंद झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या अंतरिम आदेशानंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींना प्रवेश मिळाला, आणि ३० मे २०२५ ला १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. २०२३ मध्ये नाशिकला मुलींसाठी शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू झाली. धुळे-नंदुरबार-जळगावच्या मुलींना ती आपल्याच महसुली विभागात, बसने जाता येईल अशा अंतरावर आहे.

स्मरणाच्या मूळ वादावर दोघांचे एकमत होत नाही. सरांच्या मते १९४४-४६ चा इतिहास लिहिताना मधल्या जागी चिमठाणे आणि परळच असले पाहिजे, रिन्स समासात. ताईंच्या मते समासात ठेवायलाही आधी नोंद लागते, आणि नोंदच नसेल तर समासही कोरा राहतो. दोघांच्या भांडणात ताईंचा मुद्दा अधिक टिकाऊ आहे. लूट, गोळीबार आणि उठाव यांच्या नोंदी सरकारी दप्तरात, खटल्यांत, वर्तमानपत्रांत आपोआप झाल्या. रोजची हजेरी लावणाऱ्या बाईची नोंद तिच्या घरातल्या ट्रंकेत राहिली, आणि ट्रंक रिकामी करणाराला तिची किंमत कळली नाही. ॲनी नागराज प्रकरणातल्या बायका इतिहासात राहतील, कारण त्यांनी आपले कागद जपले आणि न्यायालयापुढे ठेवले.

कागदाचे मोल खानदेशाला नवे नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले आणि त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या दप्तरांसाठी १९२७ मध्ये तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. शिरपूर, शिंदखेडा, चोपडा, अमळनेर या भागातल्या ज्या घरांतून एखादी आत्या, मावशी, बहीण किंवा लेक सेनादलांत गेली असेल, त्या घरांनी तिचे भरतीचे पत्र, बदल्यांचे हुकूम, सेवामुक्तीचा दाखला आणि छायाचित्रे बाहेर काढावीत. छायाचित्राच्या मागे नाव, ठिकाण आणि साल पेन्सिलीने लिहावे, कागदांच्या प्रती काढाव्यात आणि एक संच मंडळासारख्या संस्थेकडे पोचता करावा. ती हयात असेल तर आधी तिलाच विचारावे.